उपग्रहाची रेघ: महाड-पोलादपूरहून फोटो कसा काढाल?

उपग्रहाचा फोटो काढायचा म्हटलं की पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा येतो. कोणता घ्यावा, केवढ्याचा घ्यावा, दुर्बीण लागते का? खरं तर कधीकाळी हौसेनं घेतलेला आणि आता कपाटात पडून असलेला डीएसएलआर, त्याच्याबरोबर मिळालेली १८-५५ची लेन्स आणि न डगमगणारा ट्रायपॉड एवढ्यावर काम भागतं. प्रो मोड असलेला मोबाइलही चालतो. फोटो जमतो की फसतो हे ठरतं वेळेवर आणि जागेवर. या दोन्ही गोष्टी दिवसाउजेडी, घरी बसून ठरवता येतात.

महाड आणि पोलादपूरकरांना आणखी एक सोय आहे. ही दोन गावं एकमेकांपासून इतक्या बेताच्या अंतरावर आहेत, की दोन मित्रांनी दोन गावांतून एकाच उपग्रहाचा फोटो काढला तर तो किती उंचीवरून गेला हे मोजता येतं. त्याची कृती पुढे दिली आहे. आधी एका गावातून एक रेघ नीट मिळवू.

वेळ कशी ठरवायची

उपग्रहाला स्वतःचा दिवा नसतो. त्याच्यावर पडलेलं ऊन आपल्याला दिसतं. म्हणजे खाली अंधार आणि वर ऊन, अशी वेळ गाठायची. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक साधारण ४१० ते ४२० किलोमीटर उंचीवरून फिरतं. सूर्य क्षितिजाखाली २० अंश जाईपर्यंत आपल्या थेट डोक्यावरच्या स्थानकावर ऊन असतं. महाडचा अक्षांश १८, त्यामुळे सूर्य इथे बराच सरळ खाली जातो आणि हे २० अंश सूर्यास्तानंतर सुमारे ८५ मिनिटांत संपतात. त्यातली पहिली ३५-४० मिनिटं संधिप्रकाशाची. उरतो तो जेमतेम पाऊण तास. नोव्हेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा पावणेसात ते साडेसात ही आपली वेळ. पहाटे हाच हिशेब उलटा. रात्री अकरा वाजता स्थानक डोक्यावरून गेलं तरी ते पृथ्वीच्या सावलीत असतं, दिसत नाही.

नेमकी वेळ 'हेव्हन्स-अबव्ह' या संकेतस्थळावर किंवा नासाच्या 'स्पॉट द स्टेशन'वर मिळते. तिथे ठिकाण म्हणून स्वतःचं गाव टाका, मुंबई नको. मुंबई इथून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. मुंबईच्या डोक्यावरून जाणारं स्थानक महाडहून १७ अंशांपर्यंत बाजूला सरकलेलं दिसू शकतं. कॅमेऱ्याची चौकट ठरवताना एवढी चूक परवडत नाही.

तक्त्यात तीन गोष्टी बघा: उगवण्याची दिशा, सर्वांत जास्त उंचीचे अंश आणि तेजाची प्रत. प्रतीचा आकडा जितका लहान तितकं तेज जास्त. उणे तीन म्हणजे व्याधापेक्षाही ठळक. सुरुवातीला ४० अंशांहून वर जाणारी फेरी निवडा. अंश मोजायला हात पुरतो: हात लांब केला की मिटलेली मूठ साधारण १० अंश झाकते. फेरीच्या दिवशी दुपारी वेळ पुन्हा तपासा. स्थानकाची कक्षा अधूनमधून इंजिनं चालवून वर उचलतात, त्यानंतर जुना तक्ता चुकतो.

आकाशातून कोण कोण जातं

स्थानक सर्वांत सोपं. ते पश्चिमेच्या अंगाने येतं, पाच-सहा मिनिटांत आकाश ओलांडतं आणि संध्याकाळच्या फेरीत बऱ्याचदा पूर्वेकडे उतरताना सावलीत शिरून नाहीसं होतं. फोटोत त्या जागी रेघ आधी तांबूस होते, मग विरते. चीनचं तियानगोंग स्थानक २०२२ मध्ये बांधून पूर्ण झालं. ते थोडं मंद असलं तरी नुसत्या डोळ्यांना सहज दिसतं. स्टारलिंकचे उपग्रह सोडल्यानंतर पहिले काही दिवस ओळीने जातात, मग पांगतात.

आपल्या अक्षांशाची खरी मिळकत म्हणजे हबल दुर्बीण. १९९० मध्ये सोडलेली ही दुर्बीण विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साडेअठ्ठावीस अंशांपर्यंतच फिरते. लंडनला स्थायिक झालेल्या महाडकराला ती तिथून कधीच दिसत नाही. महाडातून मात्र ती डोक्यावरून जाताना दिसते. तेजात ती ध्रुवताऱ्याच्या जवळपासची, त्यामुळे तिच्यासाठी जरा मोठ्या तोंडाची लेन्स हवी.

भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात आणि आपल्याला हललेले दिसत नाहीत. दूरदर्शनच्या मोफत डिशचे कार्यक्रम जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे, म्हणून आपल्याकडच्या छपरांवरच्या त्या डिश आग्नेयेकडे तोंड करून असतात. हे उपग्रह फार मंद, डोळ्यांना दिसत नाहीत. पण ८५ किंवा १०० मिलिमीटरच्या तेज लेन्सने एका जागी बरेच फोटो घेऊन एकत्र केले, की सगळे तारे रेघा होतात आणि मध्ये एखादा ठिपका जागचा हलत नाही. तो भूस्थिर उपग्रह. हा प्रकार हात बसल्यावर करावा.

जागा: पश्चिम मोकळी हवी

या भागात डोंगराशी जमवून घ्यावं लागतं. पोलादपूरच्या पूर्वेला प्रतापगड-महाबळेश्वरची भिंत, दक्षिणेला कशेडीचा डोंगर, मधून सावित्रीचं खोरं. पूर्वेचं क्षितिज दिसत नाही म्हणून नाउमेद व्हायचं कारण नाही. संध्याकाळच्या फेरीत स्थानक पश्चिमेकडून चढतं आणि पूर्वेला खाली पोहोचेपर्यंत सावली त्याला गाठते. म्हणजे डोंगर जे झाकतो ते बहुतेक वेळा आधीच विझलेलं असतं. संध्याकाळसाठी पश्चिम आणि माथ्यावरचं आकाश मोकळं असलं की झालं. पहाटे मात्र उलट. स्थानक सावलीतून बाहेर पडून पूर्वेकडे उतरतं, तेव्हा डोंगरापासून जितकं पश्चिमेला सरकाल तितकं बरं.

दिव्यांचा विचार करायचा तो असा. महाडच्या पूर्वेकडे बिरवाडीच्या बाजूला औद्योगिक वसाहत आहे, तिचा उजेड त्या क्षितिजावर पसरतो. महामार्गाच्या कडेला वाहनांचे झोत थेट लेन्सवर येतात. रस्त्यापासून आत, एखाद्या टेपाडामागे गेलं की दोन्हींचा त्रास कमी होतो. पोलादपूर तालुक्यात चंद्रगडाच्या पायथ्याच्या ढवळ्यासारख्या आतल्या गावांत अंधार चांगला मिळतो, पण तिथे डोंगर अगदी अंगावर असतो. म्हणून तिथून फक्त डोक्यावरच्या फेऱ्या घ्याव्यात.

फोटोत रायगड हवा असेल तर दिशा लक्षात ठेवा. महाडहून रायगड जवळजवळ उत्तरेला आहे आणि ध्रुवतारा तिथेच १८ अंशांवर, म्हणजे दोन मुठींच्या किंचित खाली. पाचाडहून मात्र गड पूर्वेकडे येतो, म्हणून तिथून पहाटेची फेरी बघावी. गडावर ट्रायपॉड लावायचा तर आधी पुरातत्त्व खात्याचे नियम विचारून घ्या. रात्री थांबण्याचंही तसंच.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. आंबेनळी, वरंध किंवा कशेडी घाटात वळणावर गाडी लावून फोटो काढू नका. माळावर जाण्याआधी गावातल्या पोलीस पाटलांच्या कानावर घाला. रात्री अनोळखी माणूस तिकाटणं लावून बसलेला दिसला की चौकशी होणारच, आणि ती व्हायलाही हवी. पायात बूट आणि हातात बॅटरी हवीच. कोकणातल्या कातळावर, दगडांच्या सांदीत फुरसं असतं.

कॅमेऱ्याची मांडणी

सगळं मॅन्युअलवर ठेवा. लेन्स १८वर, अ‍ॅपर्चर जितकं उघडेल तितकं, बहुधा ३.५. आयएसओ ८००. शटर १५ सेकंद. लेन्समधली कंप रोखणारी सोय ट्रायपॉडवर असताना बंद करा. फोकस ऑटोवर ठेवू नका. लाइव्ह व्ह्यूमध्ये एखादा ठळक तारा दहापट मोठा करून बघा, तो बारीकात बारीक ठिपका होईपर्यंत फोकसची रिंग फिरवा आणि मग रिंगवर चिकटपट्टी लावा. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर भरवसा ठेवू नका.

'लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन' नावाची सोय आठवणीने बंद करा. ती चालू असली की प्रत्येक १५ सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी १५ सेकंद स्वतःशीच काम करत बसतो आणि तेवढ्यात उपग्रह पंधराएक अंश पुढे निघून जातो.

शटर जास्त वेळ उघडं ठेवलं की रेघ ठळक होते असा एक गैरसमज आहे. डोक्यावरून जाताना स्थानक सेकंदाला एक अंशाहून थोडं जास्त सरकतं. १८ मिलिमीटरची लेन्स आणि २४ मेगापिक्सेलचा नेहमीचा कॅमेरा धरला तर एका अंशात साधारण ८० पिक्सेल बसतात. म्हणजे स्थानकाचा उजेड एका पिक्सेलवर सेकंदाचा ऐंशीवा भागच पडतो. शटर पाच सेकंद ठेवा की पन्नास, त्या पिक्सेलला तेवढाच उजेड मिळणार. वाढते ती रेघेची लांबी आणि मागच्या आकाशाचा उजेड. म्हणून रेघ फिकी आली तर अ‍ॅपर्चर उघडा किंवा आयएसओ वाढवा. आकाश पांढरं आलं तर शटरचा वेळ कमी करा. संधिप्रकाश किंवा चांदणं असेल तर ५ ते ८ सेकंदांचे फोटो घ्या.

हबलसारख्या मंद उपग्रहाला ५० मिलिमीटर एफ १.८ ही स्वस्तातली लेन्स का लागते, तेही यावरून कळतं. तिचं प्रत्यक्ष तोंड सुमारे २८ मिलिमीटर आहे, १८-५५चं १८वर असताना पाचच. ५०ने चौकट लहान होते, पण रेघ साधारण दहापट उजळ येते.

सलग फोटो काढण्यासाठी केबल रिलीज घ्या, कॅमेरा कंटिन्युअसवर ठेवा आणि बटण अडकवून द्या. उपग्रह चौकटीत येण्याच्या अर्धा मिनिट आधी सुरू करा, गेल्यावर अर्ध्या मिनिटाने थांबवा. दोन फोटोंमध्ये सेकंदभराची फट पडली तर रेघेतही अंशभराची फट दिसते. ती तशीच राहू द्या, ब्रशने भरू नका. नंतर 'स्टारस्टॅक्स' किंवा 'गिम्प'मध्ये लाइटन पद्धतीने फोटो एकावर एक ठेवा, म्हणजे सगळे तुकडे एका चित्रात येतात.

मोबाइल असेल तर नाइट मोड नको. तो अनेक फोटो आपल्या मनाने जोडतो आणि मधली हलती वस्तू खोडून टाकू शकतो. प्रो मोडमध्ये आयएसओ ८००, शटर १० ते १५ सेकंद, फोकस अनंतावर, तीन सेकंदांचा टायमर आणि मोबाइल घट्ट धरणारा होल्डर, एवढं पुरे.

फोटोत आलेली रेघ कुणाची हे ओळखायला सोपं आहे. विमानाची रेघ लुकलुकणाऱ्या ठिपक्यांची, बऱ्याचदा तांबड्या-हिरव्या रंगाची असते. उल्का दोन्ही टोकांना निमुळती आणि एकाच फोटोत सापडते. उपग्रहाची रेघ सारख्या जाडीची आणि पुढच्या फोटोत तिथूनच पुढे जाणारी.

पावसाळा, दव आणि धूर

जून ते सप्टेंबर हे काम इथे जवळपास बंद. २६ जून ते १४ जुलै २०२५ या काळात भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्ला स्थानकावर होते. ते आपल्या डोक्यावरून जातात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण तो कोकणातला ऐन पावसाळा. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत आकाश सर्वांत चांगलं. अडचण असते दवाची. खोऱ्यात रात्री दव इतकं पडतं की अर्ध्या तासात लेन्स धुरकट होते. रुमालाने पुसू नका, फोकस हलतो आणि काचेवर ओरखडे पडतात. लेन्सला हूड लावा आणि भोवती पॉवर बँकेवर चालणारा गरम पट्टा गुंडाळा. कॅमेरा घरी आणल्यावर लगेच पिशवीतून बाहेर काढू नका, आधी तो घरातल्या हवेइतका कोमट होऊ द्या. मार्च ते मे राब भाजण्याचे आणि वणव्यांचे दिवस. क्षितिजावर धूर बसतो. तेव्हा ५० अंशांहून वरच्या फेऱ्याच निवडा.

रेघेऐवजी आकार हवा असेल तर

अवकाश स्थानक १०९ मीटर लांब आहे. ४१० किलोमीटरवरून ते गुरू ग्रहाच्या बिंबाएवढं दिसतं. ३०० मिलिमीटरच्या लेन्सने त्याची लांबी सेन्सरवर वीसेक पिक्सेल भरते, तेवढ्यात सौरपंखे दोन बाजूंना वेगळे कळतात. इथे शटर सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून कमी, आयएसओ ८०० ते १६००, फोकस आधी गुरू किंवा चंद्रावर पक्का, आणि हातात धरून किंवा मोकळ्या डोक्याच्या ट्रायपॉडवर पाठलाग करत धडाधड फोटो. शंभरातले पाच बरे येतात.

स्थानक सूर्याच्या बिंबावरून जाण्याचा फोटोही घेता येतो, पण ते डोक्यावर असेल तर सगळा खेळ अर्ध्या सेकंदाचा. हे दृश्य ज्या पट्ट्यातून दिसतं तो जमिनीवर काही किलोमीटर रुंद असतो. महाडात दिसेल ते पोलादपुरात दिसेलच असं नाही. लेन्सच्या पुढे पूर्ण तोंड झाकणारा सौर फिल्टर लावल्याशिवाय कॅमेरा सूर्याकडे वळवू नका आणि ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरला डोळा लावू नका. डोळा कायमचा जातो.

दोन गावांतून एक मोजणी

महाड आणि पोलादपूर सरळ रेषेत सुमारे १२ किलोमीटरवर आहेत. रस्त्याने अंतर जास्त आहे, पण इथे सरळ रेषाच लागते. आपापल्या जागांमधलं नेमकं अंतर मोबाइलच्या नकाशावर मोजून घ्या. पोलादपूर महाडच्या दक्षिण-आग्नेयेला येतं. स्थानकाच्या फेऱ्या आपल्याकडे मुख्यतः दोन तऱ्हेच्या: वायव्येकडून आग्नेयेकडे आणि नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे. पहिल्या तऱ्हेत स्थानक दोन गावांना जोडणाऱ्या रेषेच्याच दिशेने जातं, त्यामुळे दोन्ही फोटोंतल्या रेघा जवळजवळ एकमेकींवर पडतात आणि काही मोजता येत नाही. म्हणून नैर्ऋत्य-ईशान्य फेरी निवडा, तीही ८० अंशांहून उंच जाणारी.

नोव्हेंबरची अखेर किंवा डिसेंबरची सुरुवात यासाठी सोयीची. संध्याकाळी सातला भाद्रपदांचा मोठा चौकोन माथ्याजवळ असतो. दोघांनी लेन्स ३५वर ठेवून, चौकोन मधोमध धरून एकाच फेरीचे फोटो घ्यायचे. सेकंदाला सेकंद जुळवायची गरज नाही, कारण रेघ किती आडवी सरकली एवढंच आपल्याला बघायचं आहे.

आता मापन. चौकोनातल्या पूर्वा भाद्रपदेच्या दोन ताऱ्यांमधलं अंतर जवळजवळ १३ अंश आहे. ते फोटोत किती पिक्सेल येतं ते मोजा, १३ने भागा, म्हणजे एका अंशाचे पिक्सेल मिळाले. मग प्रत्येक फोटोत एकाच ताऱ्यापासून रेघेपर्यंतचं लंबांतर मोजा आणि त्याचे अंश करा. दोन फोटोंतला फरक म्हणजे रेघेचं सरकणं. पोलादपूरच्या फोटोत ती ताऱ्यांच्या मानाने वायव्येकडे गेलेली असली पाहिजे. उलट आली तर फोटोंची अदलाबदल झाली आहे.

१२ किलोमीटरपैकी फेरीच्या आडवा भाग सुमारे ११ किलोमीटरचा. गणित एवढंच: ११ला ५७ने गुणा आणि आलेल्या अंशांनी भागा. फरक दीड अंश आला तर ६२७ भागिले दीड, म्हणजे ४१८ किलोमीटर. मोजण्यात अंशाचा दहावा भाग चुकला तर उत्तर तीसेक किलोमीटरने बदलतं, म्हणून तीन-चार वेळा मोजून सरासरी घ्या. दहावीच्या भूमितीत बसणारा हा प्रयोग शाळेच्या विज्ञान मंडळाला सहज करता येईल. अडल्यास पुण्याची १९४४पासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था किंवा मुंबईचं खगोल मंडळ यांच्यासारख्या हौशी संस्थांत अशा कामाची आवड असलेली माणसं भेटतात.

अचानक काही दिसलं तर

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी विदर्भात आणि आसपासच्या भागांत लोकांनी आकाशातून जळत जाणारे तुकडे पाहिले आणि मोबाइलवर टिपले. तो एका चिनी रॉकेटचा परतणारा टप्पा होता. त्याचं धातूचं मोठं कडं चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात पडलं. असं काही समोर घडलं तर झूम करू नका. मोबाइल आडवा धरा, एका जागी उभे राहा आणि चौकटीत झाड, घर किंवा डोंगरमाथा असं काहीतरी स्थिर येऊ द्या. त्या खुणेवरून दिशा आणि उंची नंतर काढता येते. नुसत्या काळ्या आकाशातल्या ठिपक्यावरून नाही.

नंतर पडताळता येईल अशी खूण ठेवण्याचा हा नियम ठरवून काढलेल्या फोटोलाही लागू. कॅमेऱ्याचं घड्याळ दिवसागणिक चुकत जातं, म्हणून पहिला फोटो मोबाइलवरच्या सेकंदासह घड्याळाचा घ्या. मग वहीत तारीख, जागेचे अक्षांश-रेखांश, लेन्सचं नाभीय अंतर, शटरचा वेळ आणि कॅमेऱ्याची दिशा लिहा. या नोंदी असल्या तर सहा महिन्यांनीही रेघ कुणाची होती हे शोधता येतं आणि दुसऱ्या गावातल्या फोटोशी ती जुळवता येते.